आयकॅनच्या स्ट्रेस टेस्टना दहा वर्षं झाली, खरा ताण आला तेव्हा काय टिकलं?

हिरवी_वही
मंडळी, मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट सांभाळते. पत्ता डॉट ऑर्ग आहे. परवा नूतनीकरणाचा मेल आला, पैसे भरताना सहज डोक्यात आलं की या नावांचं शेवटी कोण ठरवतं आणि त्याला जाब कोण विचारतं. मग वाचत बसले ते दोन रात्री गेल्या.

थोडक्यात सांगते. आयकॅन ही इंटरनेटवरच्या नावांचा आणि पत्त्यांचा कारभार बघणारी कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था, जन्म १९९८. डोक्यावर अमेरिकन वाणिज्य खात्याची देखरेख, म्हणजे वेडंवाकडं वागलात तर कंत्राट दुसऱ्याला देऊ हा धाक. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की हा धाक आम्ही काढून घेतोय, पण बदली म्हणून आमच्या जागी दुसरं सरकार किंवा सरकारांची संघटना चालणार नाही. मग प्रश्न आला की संचालक मंडळाला आवरणार कोण. त्यासाठी डिसेंबर २०१४ ला जो गट बसला त्याने मला फार आवडलेली एक गोष्ट केली, तीसहून जास्त 'समजा असं झालं तर' लिहून काढले. याच त्या स्ट्रेस टेस्ट. समजा पैसा संपला, समजा मोठा घोटाळा झाला, समजा नव्या सीईओने येऊन सगळं फिरवलं, समजा एकाच गटाने संस्था बळकावली. प्रत्येक प्रसंगापुढे दोन रकाने. आत्ताचे उपाय पुरतात का? आणि सुचवलेले उपाय आले तर पुरतील का?

ते तक्ते वाचताना खूप ठिकाणी पहिल्या रकान्यात 'नाही' आणि दुसऱ्यात 'हो' असं दिसतं. माझा प्रश्न असा की ज्यांनी उपाय सुचवले त्यांनीच परीक्षा घेतली आणि त्यांनीच पास केलं, मग १ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेची देखरेख संपली त्यानंतर खरोखरचा ताण आला तेव्हा यातलं काय टिकलं? इथे नेटवर्कवाले, वकील बरेच आहेत म्हणून विचारतेय.

घाटमाथा
भारी विषय. वाचतोय.

काका_ठाण्याचे
ताई, बँकेत तीस वर्षं ऑडिट केलं म्हणून सांगतो, कागदावरची परीक्षा म्हणून हलकी समजू नका. तुम्ही म्हणता ते दोन रकाने भरायला बसलं की माणसाला कबूल करावं लागतं की आज आपल्याकडे उत्तर नाही. हे कबूल करणं हीच मोठी गोष्ट असते, निम्म्या संस्था त्या पहिल्या रकान्यातच खोटं लिहितात.

कलमकाढू
वकील आहे म्हणून हात वर करतो.

आधी उपाय काय होते ते नीट बघा, नाहीतर चर्चा भरकटेल. 'एम्पॉवर्ड कम्युनिटी' नावाची एक व्यवस्था केली. तिच्यात पाच घटक: आयपी पत्त्यांवाले (नेटवरच्या प्रत्येक यंत्राचा आकडी पत्ता), देशांच्या डोमेनवाले, डॉट कॉमसारख्या नावांचं धोरण ठरवणारे, सामान्य वापरकर्त्यांची समिती आणि सरकारांची सल्लागार समिती. यांनी एकत्र येऊन बजेट नाकारता येतं, उपविधींमधली (संस्थेच्या आतल्या नियमांमधली) दुरुस्ती नाकारता येते, एखादा संचालक काढता येतो आणि अगदीच वेळ आली तर अख्खं मंडळ घरी पाठवता येतं, पण त्याला पाचांपैकी चार घटक बाजूने हवेत आणि विरोधात एकाहून जास्त नको. शिवाय स्वतंत्र पुनरावलोकनाचा, म्हणजे आयकॅनविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या बाहेरच्या पॅनेलचा, निकाल आता बंधनकारक. आधी तो सल्ला होता. २०१० मध्ये डॉट एक्सएक्सएक्स या प्रौढांच्या साइटसाठीच्या डोमेनच्या प्रकरणात पॅनेलने आयकॅनच्या विरोधात निकाल दिला तेव्हा त्याच निकालात म्हटलं होतं की हा बंधनकारक नाही. जिंकलेल्याच्या हातात काय, तर सल्ला.

सुरुवातीचा मसुदा याहून कडक होता. कम्युनिटीला कायद्याने 'सदस्य' करायचं असं ठरत होतं, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सदस्याला मोठे हक्क मिळतात. मंडळाचा त्याला विरोध होता आणि ऑक्टोबर २०१५ ला डब्लिनच्या बैठकीच्या सुमारास तो मसुदा मागे पडून मवाळ रचना आली. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची तो परीक्षेच्या खोलीत बसलेला होता, हा हिरवी_वहींचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

तिरकीवाट
पण मंडळ काढण्याचा अधिकार आजवर एकदाही वापरला नाही. न वापरलेलं हत्यार गंजतं.

काका_ठाण्याचे
@तिरकीवाट, न वापरलेलं हत्यार धाक दाखवतं असंही म्हणतात. आग विझवायचं नळकांडं वापरलं नाही म्हणून आपण काढून टाकतो का?

तिरकीवाट
काका, नळकांड्याची दर वर्षी तपासणी होते, त्यावर तारखेचं लेबल लागतं. याची तपासणी कधी झाली ते सांगा.

कलमकाढू
छोटी तपासणी झाली. जून २०१७, जोहान्सबर्ग. मूलभूत उपविधीतली एक दुरुस्ती होती, फेरविचाराचे अर्ज मंडळाच्या कोणत्या समितीने बघायचे एवढाच विषय. तिला एम्पॉवर्ड कम्युनिटीची मंजुरी लागत होती म्हणून नियमाप्रमाणे सार्वजनिक सभा घेतली. वादाचा मुद्दा नव्हता, पण यंत्र सुरू होतं एवढं कळलं.

हिरवी_वही
म्हणजे रिकामी गाडी चालवून बघितली. भरलेली गाडी घाटात चढली का, ते विचारतेय मी. आणि मला तरी वाटतं तो घाट म्हणजे डॉट ऑर्गची विक्री.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटरनेट सोसायटीने जाहीर केलं की डॉट ऑर्ग चालवणारी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री आम्ही इथॉस कॅपिटल नावाच्या खाजगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकतोय. डॉट ऑर्गवर तेव्हा एक कोटीच्या वर नावं होती, आमच्या वाचनालयासारख्या, शाळा, रुग्ण मदत गट, मानवी हक्कवाल्या संस्था. आणि याच्या जेमतेम साडेचार महिने आधी, जून २०१९ च्या शेवटी, आयकॅनने डॉट ऑर्गच्या दरवाढीवरची वर्षाला दहा टक्क्यांची मर्यादा उठवली होती. त्यावर तीन हजारांहून जास्त लोकांनी हरकती पाठवल्या, बहुतेक सगळ्या विरोधात. तरी उठवली. मी हे वाचून खरंच अस्वस्थ झाले. तीन हजार लोकांनी बसून लिहिलं आणि काहीच हललं नाही.

दुपारचा_चहा
पण विक्री थांबली ना शेवटी?

हिरवी_वही
थांबली. ३० एप्रिल २०२० ला आयकॅनच्या मंडळाने संमती नाकारली. पण त्याच्या दोन आठवडे आधी, १५ एप्रिलला, कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल झेवियर बेसेरा यांचं पत्र आलं होतं की ही विक्री नाकारा. एम्पॉवर्ड कम्युनिटीचा यात कुठेच हात नाही, कारण रजिस्ट्रीची मालकी बदलायला संमती देणं हा विषयच तिच्या यादीत नाही. म्हणून म्हणते, तीस-पस्तीस प्रसंग लिहिले आणि आला तो यादीबाहेरचा.

रूटझोन
इथे मी थोडा असहमत. दोन गोष्टी.

एक, ॲटर्नी जनरल हा यादीबाहेरचा नाही. त्या प्रसंगांमध्ये एक असा होता की समजा आयकॅनने आपलं कायदेशीर ठाणं दुसऱ्या देशात हलवलं तर लोकांनी दाद कुठे मागायची. त्याचं उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातलं ठाणं उपविधीत पक्कं केलं गेलं. कॅलिफोर्नियात राहायचं म्हणजे तिथल्या धर्मादाय संस्थांवर लक्ष ठेवणारा ॲटर्नी जनरल आपोआप आला. आपल्याकडे ट्रस्टवर धर्मादाय आयुक्त असतो तसंच. त्यामुळे ब्रेक बाहेरून लागला असं म्हणण्यापेक्षा शेवटचा ब्रेक लागला असं म्हणू.

दोन, जानेवारी २०२० मध्ये लोक लॉस एंजेलिसला आयकॅनच्या दारात फलक घेऊन उभे राहिले, जगभरातल्या संस्थांनी पत्रं लिहिली. ॲटर्नी जनरलचं ते पत्र काही आकाशातून पडलं नाही.

हिरवी_वही
पहिला मुद्दा मान्य, हा धागा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग अडचण वाढते की. ब्राझील, भारत, आफ्रिकेतल्या माणसाला जाब विचारायचा तर शेवटी कॅलिफोर्नियाच्या सरकारी वकिलाच्या मर्जीवर? अमेरिकेची देखरेख दारातून काढली आणि खिडकीतून आली.

कलमकाढू
दरमर्यादेबद्दल राहिलं. एका मोठ्या रजिस्ट्रारने (लोकांना डोमेनची नावं विकणारी कंपनी), नेमचीपने, तो निर्णय स्वतंत्र पुनरावलोकनात नेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पॅनेलने म्हटलं की मर्यादा उठवताना आयकॅनने आपल्याच उपविधी मोडल्या, पारदर्शकपणे निर्णय घेतला नाही. म्हणजे सापडलं, पण साडेतीन वर्षांनी. आणि हे करायला खिशात वकिलांचे पैसे लागतात, तुमच्या वाचनालयाला ते झेपणार नाही. या पुनरावलोकनासाठी कायमचं पॅनेल नेमायचं असं उपविधीत लिहिलेलं होतं, ते नेमायलाही वर्षानुवर्षं लागली. स्ट्रेस टेस्टच्या तक्त्यात 'पुनरावलोकन मागता येईल' असं लिहून खूण केली की तो प्रसंग पास झाला. किती दिवसात आणि किती पैशात, हा रकाना तिथे नव्हता. मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक ही.

घाटमाथा
+१. आपल्या कोर्टाच्या तारखा भोगलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुपारचा_चहा
विषयांतर करतो, माफ करा. देखरेख संपल्यावर आयकॅनची पहिली बैठक कुठे झाली माहीत आहे का? हैदराबाद, ३ ते ९ नोव्हेंबर २०१६. मी तेव्हा तिथे कॉलेजला होतो आणि स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. आठ तारखेला रात्री नोटाबंदी! दुसऱ्या दिवशी सकाळी एक परदेशी बाई हातात पाचशेच्या चार नोटा घेऊन रिक्षावाल्याशी बोलत होत्या आणि तो नुसती मान हलवत होता. मी त्यांना माझ्याकडच्या शंभराच्या दोन नोटा दिल्या. त्यांनी रिक्षात बसता बसता विचारलं, अशा निर्णयावर तुमच्याकडे हरकत कुठे नोंदवतात? मला तेव्हा काहीच सांगता आलं नाही. आज हा धागा वाचताना आठवलं.

काका_ठाण्याचे
राजकारण नको रे, नाहीतर धाग्याला कुलूप लागेल. पण आठवण छान.

अक्षरवेल्हाळ
विषयांतर चाललंच आहे तर माझं एक. जाब विचारणं म्हणजे फक्त मंडळ काढणं नाही, नियम ठरताना आपलं म्हणणं ऐकलं जाणं पण त्यातच येतं. देवनागरीत डोमेनची नावं कशी लिहायची याचे नियम ठरवायला नियो-ब्राह्मी पॅनेल होतं. त्यात मराठीचा एक नाजूक प्रश्न होता, 'दर्या' आणि 'दऱ्या'. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यात फरक फक्त त्या र-चा. नेहमीच्या टायपिंगमध्ये हा दुसरा र काढायला बरेच जण न दिसणारं जोडचिन्ह वापरतात, ते रूट झोनमध्ये, म्हणजे डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या सगळ्यात वरच्या नावांच्या मूळ यादीत, चालत नाही, दोन नावं डोळ्याला सारखी दिसून फसवणूक होऊ शकते म्हणून. मग खालच्या टिंबाच्या ऱ ने वाट काढली. हिंदीवाल्याला हा प्रश्न पडलाच नसता, खोलीत मराठी जाणणारं माणूस होतं म्हणून पडला. मला या गोष्टीचं मनापासून कौतुक आहे.

रूटझोन
सुंदर! हे कुणाला सांगितलं तर पटत नाही की एवढ्या बारीक गोष्टीवर लोक महिनोन्महिने बसतात.

टिकलेल्या गोष्टींमध्ये अजून एक घाला. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी युक्रेनने आयकॅनला लिहिलं की रशियाची डॉट आरयू वगैरे डोमेन काढून टाका. युद्ध सुरू होऊन चार दिवस झालेले, सगळ्या जगाची सहानुभूती युक्रेनकडे, आणि तरी आयकॅनच्या सीईओंनी काही दिवसांत नाही सांगितलं. अशी एकतर्फी कारवाई करणं आमच्या कामाच्या चौकटीत बसत नाही म्हणून. त्यांना हे 'नाही' म्हणताना जड गेलं असणार. पण सरकारच्या दबावाखाली रूट झोनला हात लागेल का, ही भीती २०१५ च्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी होती आणि तिथे गाडी घाट चढली.

तिरकीवाट
सरकारांवरून आठवलं, अठरा नंबरची टेस्ट कुणी का काढत नाही? सगळ्यात जास्त भांडण तिच्यावर झालं.

कलमकाढू
बरोबर. अठरावा प्रसंग असा, समजा सरकारांच्या सल्लागार समितीने एकमताची पद्धत सोडून बहुमताने सल्ला द्यायला सुरुवात केली तर. तेव्हा आयकॅनला प्रत्येक सल्ल्यावर तोडगा शोधत बसावं लागलं असतं. म्हणून उपविधीत घातलं की कुणाचीही औपचारिक हरकत नसलेल्या सल्ल्यालाच तो मान मिळेल, आणि असा सल्ला फेटाळायचा तर मंडळाची ६० टक्के मतं लागतील. फ्रान्स, ब्राझील फार नाराज झाले. त्यांचं म्हणणं, कल्पनेतल्या संकटाचं नाव घेऊन आमचे खरेखुरे हात बांधताय. मला ते म्हणणं आजही पूर्ण खोडता येत नाही. स्ट्रेस टेस्ट कोण लिहितो याला महत्त्व आहे, कारण ज्याला जी भीती वाटते तेच प्रसंग तो लिहितो.

केबलवाला_नैरोबी
नमस्कार मंडळी, मूळचा सांगलीचा, बारा वर्षं नैरोबीत नेटवर्कचं काम करतोय. सकाळपासून वाचतोय आणि आश्चर्य वाटतंय की कुणीच आफ्रिनिकचं नाव काढलं नाही. अहो, या विषयातली सगळ्यात मोठी खरी परीक्षा तिथे झाली.

जगात आयपी पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत. आपल्या भारताचे पत्ते एपनिककडून येतात, आफ्रिकेचे आफ्रिनिककडून, ऑफिस मॉरिशसला. २०१९ मध्ये तिथे लाखो आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते आतल्याच माणसाच्या हाताने परस्पर वळवले गेल्याचं उघड झालं. त्यानंतर क्लाउड इनोव्हेशन नावाच्या कंपनीशी वाद, तिच्याकडे साठ लाखांहून जास्त पत्ते, ते आफ्रिकेबाहेर वापरले जातायत म्हणून आफ्रिनिकने सदस्यत्व काढायचं ठरवलं, कंपनी कोर्टात गेली आणि जुलै २०२१ मध्ये मॉरिशसच्या कोर्टाने आफ्रिनिकची बँक खाती गोठवली, पाच कोटी डॉलरपर्यंत. खटल्यांवर खटले. २०२२ मध्ये संचालकांच्या मुदती संपत गेल्या, निवडणुकीवर कोर्टाची स्थगिती, मंडळाची गणपूर्ती होईना, सीईओ नाही. नवा सीईओ नेमायला मंडळ हवं, मंडळ यायला निवडणूक हवी, निवडणूक घ्यायला मंडळ हवं. सप्टेंबर २०२३ ला कोर्टाने रिसीव्हर, म्हणजे कारभार बघायला आपला माणूस, बसवला.

खाती गोठल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी ऑफिसात एकटा बसून दर अर्ध्या तासाने बघत होतो की रजिस्ट्रीची नोंद उघडते का, राउटिंगच्या सह्या (कुठला पत्ता कुणाचा याची डिजिटल खात्री) तपासल्या जातायत का. सगळं चालू होतं. पगाराची खात्री नसलेली माणसं तिकडे सर्व्हर सांभाळत होती. त्यांची नावं कुठल्या अहवालात येणार नाहीत म्हणून इथे लिहितोय.

हिरवी_वही
नैरोबीकर, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. आयकॅनच्या यादीत एक प्रसंग होता की समजा कुणी जाब विचारायच्या सोयींचाच इतका वापर केला की संस्था लुळी पडली तर? म्हणजे विचार केलेला होता, फक्त तो लॉस एंजेलिससाठी केला आणि घडला मॉरिशसला.

काका_ठाण्याचे
अरे हे तर आपल्या सोसायटीवर प्रशासक बसतो तसं झालं. आमच्याकडे एकदा कमिटीच्या निम्म्याहून जास्त लोकांनी राजीनामे दिले, दोन महिने पाण्याच्या टँकरच्या चेकवर सही करायला माणूस नव्हतं. पण सहकार कायद्यात निदान त्याची वाट आहे, निबंधक प्रशासक नेमतो. आणि सभेच्या प्रत्येक नोटिशीच्या तळाशी ती ओळ असते बघा, 'गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्यास गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' लहानपणापासून वाचतोय, आज कळलं की ती ओळ किती कष्टाने सुचली असेल कुणाला तरी.

केबलवाला_नैरोबी
काका, त्या एका ओळीसाठी अख्ख्या खंडाने तीन वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल. पुढचं ऐका. जून २०२५ ला रिसीव्हरने निवडणूक घेतली, ती मतदान चालू असताना थांबवली आणि मग रद्द केली, कारण काय तर एका सदस्याच्या वतीने मत द्यायला आणलेल्या मुखत्यारपत्रावर वाद. शेवटी सप्टेंबर २०२५ ला पुन्हा निवडणूक होऊन मंडळ आलं.

कलमकाढू
आपल्या सहकार कायद्यात सदस्याने मत स्वतः द्यायचं असतं, प्रॉक्सी चालत नाही. लोक कुरकुर करतात, पण त्यामागे असेच अनुभव असणार.

तिरकीवाट
मग हिरवी_वहींच्या मूळ प्रश्नाचं उत्तर काय? टिकलं की नाही?

रूटझोन
माझं मत, आयकॅनच्या टेस्टांनी 'मंडळ वाईट वागलं तर' याचा कसून विचार केला. बजेट नाकारलं तर काळजीवाहू बजेटवर काम चालू राहील इथपर्यंत. तो भाग मजबूत आहे. कमी पडलं ते दोन ठिकाणी: वेळ, आणि मंडळच नसण्याची वेळ आली तर शेजारच्या संस्थांचं काय. प्रादेशिक संस्थांना मान्यता कशी द्यायची याचा नियम २००१ चा, आयसीपी-२ म्हणतात त्याला. मान्यता काढायची कशी याबद्दल त्यात काही नाही.

केबलवाला_नैरोबी
ते बदलतंय. एप्रिल २०२५ ला नव्या नियमांचा पहिला मसुदा सगळ्यांसमोर ठेवला, त्यात मान्यता काढणं आहे, आणि एखादी संस्था कोलमडली तर तिचं काम तात्पुरतं दुसऱ्याने चालवायची सोय आहे. मसुद्यावर माझी हरकत एवढीच होती की पत्त्यांच्या नोंदीची प्रत बाहेर कुठे आणि किती ताजी ठेवायची हे आकड्यात लिहा. चार ओळी लिहायला मला अख्खा रविवार लागला.

हिरवी_वही
तुमच्या चार ओळी इथेही टाका ना, आम्हाला वाचायच्या आहेत.

आणि काका, त्या नोटिशीतल्या ओळीमुळे मी आज दुपारी वाचनालयाची घटना कपाटातून काढली, पिवळी पडलेली सायक्लोस्टाइल प्रत आहे. कार्यकारिणी अकरा जणांची, गणपूर्ती सहा. आत्ता हयात आणि गावात असलेले पाच. रिकाम्या जागा भरायचा अधिकार कार्यकारिणीलाच. कलमकाढू, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतेय, जरा बघाल का?

कलमकाढू
पाठवा. घटनेची पहिली दोन पानं आणि शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली ती तारीख, एवढं आधी द्या.